बावीस गोगलगायींच्या चुकलेल्या प्रयोगाबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
विज्ञान महाविद्यालय.

विषय: 'निसर्गविज्ञान लेखन' या अनिवार्य अभ्यासक्रमातील एका शेऱ्याची चौकशी होऊन, गोगलगायींसह अर्जदाराची मुक्तता होणेबाबत.

संदर्भ: १) अभ्यासक्रम नियमावली, कलम ७ व ११. २) लेखावरील शेरे, एकूण नऊ.

महोदय,

१. अर्जदाराचा सहाशे शब्दांचा लेख गेल्या चौदा महिन्यांत नऊ वेळा नामंजूर झाला आहे. नऊही प्रतींवर लाल शाईत एकच शेरा आहे: 'प्रयोग चुकला आहे. सुधारावा.' याच नऊ प्रती प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांनीही तपासल्या असून प्रत्येकीवर त्यांचा निळ्या शाईतला शेरा आहे: 'प्रयोग निर्दोष.'

२. सदर अभ्यासक्रमात विज्ञानाच्या विद्यार्थ्याने स्वतः केलेला एक प्रयोग सामान्य वाचकास समजेल अशा भाषेत लिहावयाचा असतो. अध्यापन व परीक्षण भाषा विभागाच्या अध्यापिका करतात. विद्यार्थी त्यांना 'लेखनाच्या मॅडम' म्हणून ओळखतात. अर्जदाराने विषय निवडला तो असा, की गोगलगाय उचलून दूर ठेवली असता ती आपल्या मूळ जागी परतते काय. लेखाचे पहिले वाक्य आहे: 'मी बावीस गोगलगायींना भिंतीपासून दहा मीटरवर सोडल्या.' पैकी सतरा तीन दिवसांत आपापल्या फटीत परतल्या. पहिल्या वाक्यात निखळ वस्तुस्थितीपलीकडे काही नसल्याने ते नऊही प्रतींत कायम ठेवले आहे. गरजेप्रमाणे आकडे तेवढे बदलले.

३. पहिल्या शेऱ्यानंतर अर्जदाराने अंतर बदलले. दुसऱ्यानंतर ओळखीसाठी शंखांवर दिलेल्या ठिपक्यांचा रंग बदलला, कारण लाल रंगाने त्यांना काही सुचत असल्यास ते वगळणे आवश्यक होते. तिसऱ्यानंतर तुलनेसाठी दुसरा गट घेतला, त्यातील गोगलगायी नुसत्या उचलून होत्या तेथेच ठेवल्या. चौथ्यानंतर भिंत बदलली. पुढे वाऱ्याची दिशा, जमिनीची ओल, उतार आणि अर्जदाराची स्वतःची सावली हे घटक एकेक करून तपासले. निष्कर्ष प्रत्येक वेळी तोच निघाला. गोगलगायी परत येतात. लेखही परत येतो.

४. कलम ११ अन्वये लेख सादर केल्यापासून तो मंजूर होईपर्यंत विद्यार्थ्यास परीक्षकांची भेट घेता येत नाही. शंका चिठ्ठीवर लिहून खिडकीत द्यावी लागते व उत्तर आठवड्याने त्याच चिठ्ठीवर मिळते. अर्जदाराने विचारले, 'प्रयोगात नेमके काय चुकले?' उत्तर आले, 'मेळ बसत नाही.' अर्जदाराने सर्व सरासऱ्या तीनदा नव्याने काढल्या. मेळ दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत बसतो. पुढील चिठ्ठीत विचारले, 'कोणता प्रयोग चुकला?' उत्तर आले, 'पहिलाच.' म्हणून पहिला प्रयोग मूळच्याच बावीस गोगलगायींवर, मूळच्याच भिंतीपाशी, पुन्हा केला. तिसऱ्या चिठ्ठीचे उत्तर होते, 'हे विचारावे लागते? शाळेत प्रयोग शिकवले नव्हते का?' शाळेत लिटमस कागदापुढे मजल गेली नव्हती, हे अर्जदार प्रांजळपणे नमूद करतो.

५. कलम ७ अन्वये प्रयोग मान्य होईपर्यंत प्रयोगजीव विद्यार्थ्याच्या ताब्यात राहतात, आणि तो त्यांना सोडून चार तासांहून अधिक काळ आवाराबाहेर राहू शकत नाही. गोगलगायी मात्र कलम ७ वाचत नाहीत. त्या अंडी घालतात. आज त्यांची संख्या तीनशे अकरा आहे. प्रयोगशाळेमागील खोलीत दोन टाक्या, एक खाट व एक खिडकी आहे. खिडकीला जाळी असून ती बाहेरून ठोकलेली आहे. गोगलगायींनी कोबीची पाने, बाटल्यांवरील चिठ्ठ्या आणि आठव्या प्रतीचा डावा कोपरा खाल्ला आहे. वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा अर्जदार टाकी धूत होता. प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सारे काका म्हणतात, ते रोज पाला आणून देतात व रोज म्हणतात, "तुमच्या मॅडम म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय!" ही म्हण गोगलगायीपुरती शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे, तिचा पाय पोटाशीच असतो. मॅडमविषयी पुरावा उपलब्ध नाही.

बियाणे तपासणी प्रयोगशाळेत अर्जदाराची निवड झाली असून जागा या महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली आहे. प्रमाणपत्राशिवाय रुजू होता येत नाही. नियमानुसार दहावी प्रत शेवटची. ती नामंजूर झाल्यास नोंदणी रद्द होते. अर्जदाराला आता बदलण्यासारखा एकही घटक दिसत नाही. गोगलगाय निदान कोणत्या फटीत परतायचे हे जाणते. सबब चौकशी समिती नेमावी, ही विनंती.

६. येथवरचा मजकूर सोमवारी लिहिला. नोंदवहीच्या शिस्तीप्रमाणे आधीची नोंद खोडावयाची नसते, म्हणून तो व वरील विषय तसाच ठेवला आहे. बुधवारी दुपारी अर्जदाराची मावशी डबा घेऊन भेटीस आली. ती एकतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होती. तिने टाकीकडे पाहिले, नाक मुरडले व विचारले, "एवढं काय रे चुकलंय तुझ्या गोगलगायींचं?" अर्जदाराने नववी प्रत पुढे केली. पुढील संभाषण जसेच्या तसे नोंदवीत आहे.

"हे काय? 'गोगलगायींना सोडल्या'? हा 'ना' कुठून घुसला मध्ये?"

"मावशी, भाषेचं नंतर बघू गं. आधी प्रयोग कुठे चुकलाय ते शोधायचंय."

"अरे गाढवा, तेच तर सांगतेय! गोगलगायी सोडल्या, हा कर्मणी प्रयोग. गोगलगायींना सोडले, हा भावे. तू दोघांची एकत्र मोट बांधलीस. चुकला तो हा प्रयोग! त्या बिचाऱ्या काय करणार त्याला?"

दारातून काका म्हणाले, "म्हणजे चौदा महिने मी पाला वाहिला तो एका 'ना'पायी?"

"वाक्यात 'ना' घालून बसलाय, मग होकार कुठून मिळणार?" असे म्हणून मावशीने डबा उघडला आणि अर्जदारास आधी हात धुवून येण्यास सांगितले.

अर्जदाराने मावशीचे म्हणणे लगेच मान्य केले नाही. शाळेचे जुने व्याकरण ग्रंथालयातून आणून पडताळले, नऊही प्रती ओळीने मांडल्या, तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. मेळ बसत नव्हता तो कर्माचा आणि क्रियापदाचा. 'पहिलाच' म्हणजे पहिल्याच वाक्यातला. आणि शाळेत हे प्रयोग शिकवले होते. त्या तासाला अर्जदार खिडकीबाहेर, बहुधा एखादा किडा, पाहत होता.

७. सबब चौकशीची विनंती मागे घेत आहे. दहावी प्रत महिनाअखेरीपूर्वी तपासली जावी, आणि ती मंजूर होताच तीनशे अकरा गोगलगायी मूळ भिंतीपाशी सोडण्याची परवानगी मिळावी, इतकीच प्रार्थना आहे.

परिच्छेद १ मधील विसंगतीचे कारण पुढीलप्रमाणे आढळले. 'प्रयोग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. विभागप्रमुखांनी एक तपासला, मॅडमनी दुसरा. दोघांचे शेरे नऊही वेळा बरोबर होते. चूक 'ना' या एका अक्षराची व त्याआधीच्या एका अनुस्वाराची होती, आणि ती अर्जदाराने नऊ वेळा स्वहस्ते लिहिली.

आपला नम्र,
व तीनशे अकरा जीवांचा तूर्त ताबेदार,
(सही)
अंतिम वर्ष, प्राणिशास्त्र

गुरुवार, दि. २७

सोबत:
१) नामंजूर प्रती, नऊ (आठवीचा डावा कोपरा वगळून).
२) चिठ्ठ्या, तीन.
३) दहावी प्रत. पहिले वाक्य: 'मी बावीस गोगलगायी भिंतीपासून दहा मीटरवर सोडल्या.'