गिअरचा आखूड दांडा

गुरुवार, १५ जानेवारी २००४. कारेगाव, संध्याकाळ

आज कंपनीला सुट्टी, म्हणून दौंडला घरी जाऊन आमच्या गाडीला गिअरचा आखूड दांडा बसवला. दोन बोटं सरकवला की गिअर पडतो. वडिलांनी हलवून पाहिला. "न्यूट्रल कळंना की रं." मी म्हणालो, "होईल सवय, आप्पा."

आप्पा रोज इंजिन तापवायला बाहेर उभं राहूनच खिडकीतून हात घालतात, न्यूट्रल आहे ना म्हणून दांडा हलवून बघतात आणि चावी फिरवतात. हा नवा दांडा तर न्यूट्रलमध्येही घट्टच लागतो, गिअर पडलाय का ते हलवून कळणार नाही.

आणि हँडब्रेक धरत नाही म्हणून मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून आलो. सांगितलं का? नाही. चावी फिरवली की गाडी उडी मारणार. घरचा फोन बंद आहे. दौंडची एसटी आता सकाळी सहाला.

सहालाच आप्पा चावी फिरवतात. तेव्हा आई गाडीपुढे वाकून रांगोळी काढत असते.