स्टेशन बंद पडलं त्याचं कारण

अण्णा, तुमच्या स्टेशनची शेवटची भिंतही आता पाडली. लखनौहून दीड तासावरचं, साखर कारखान्याच्या मालकीचं, एका फलाटाचं स्टेशन. उसाने भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी आणि दिवसातून दोनदा माणसांचे दोन डबे. साताऱ्याहून येऊन तुम्ही तिथे एकोणीस वर्षं मास्तर होतात.

त्या दुपारी मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन ऑफिसात बसले होते. हातात एम.एस्सी.च्या प्रवेशाचं पत्र, सकाळीच आलेलं. तुम्ही रुळांचे सांधे बघायला बाहेर गेला होतात. रूळ एकेरी, कारखान्याकडून गाडी सुटली की फोन यायचा आणि तुम्ही इकडची गाडी अडवून धरायचात. फोन वाजला. मी उचलला, "हाँ हाँ, बता दूँगी," म्हणाले आणि पुन्हा पत्रात डोकं घातलं. तुम्ही खिडकीतून विचारलंत, "फोन आला का गं?" मान वर न करता मी म्हणाले, "नाही."

तुम्ही हिरवी झेंडी दाखवलीत. डबे फलाट सोडून जातायत आणि तेव्हा कुठे ते शब्द माझ्या डोक्यात शिरतायत: इंजन छूट गया है। "अण्णा, आला होता फोन!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. लाल झेंडी उचलून खडीवरून धावत सुटलात. वळणावर ऊस उंच वाढलेला, पलीकडचं काही दिसत नाही. फक्त शिट्ट्या ऐकू येतायत, एक इकडून, एक तिकडून. मागच्या डब्यातल्या गार्डाने तुमची झेंडी पाहिली, गाडी थांबवली. उसाची गाडी तिच्यापासून दहा-बारा पावलांवर येऊन उभी राहिली.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "फ़ोन किसने उठाया था?" मी दारातच होते. तुम्ही म्हणालात, "मैंने। भूल गया।" तुमची नोकरी गेली. कारखान्याला निमित्तच हवं होतं. माणसांचे डबे बंद झाले, वर्षभरात स्टेशनला कुलूप लागलं. घरी तुम्ही एवढंच म्हणालात, "प्रवेशाची मुदत टळेल. उद्या लखनौला जा." मी गेले.

गेल्या आठवड्यात लखनौत, निशातगंजच्या घरी एक मुलगी आली होती. त्या स्टेशनचा इतिहास लिहितेय. वही उघडून अदबीने म्हणाली, "मैडम, स्टेशन आपके पिताजी की भूल से ही बंद हुआ था न?" मी आता सत्तरीची, अण्णा. खरं सांगितलं तरी माझं काही बिघडवायला आता कोणी उरलेलं नाही. तरी म्हणाले, "हाँ।" तिने लिहून घेतलं.

हे पत्र तिच्या हातात द्यायचं म्हणून लिहायला बसले. ती उद्या पुन्हा येणार आहे. आणि मगाशीच मी सुनेला सांगून ठेवलंय: कह देना, मम्मी घर पर नहीं हैं।