चार सॅक्सोफोन आणि एक वरात

पुणे, ९ डिसेंबर १९७९

ती. सौ. उल्काताईस,
अनंतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडल्याचं दुःख तू अजून दोन-दोन पानं उगाळतेस. एवढ्या शाईत मिरजेतल्या एखाद्या होतकरू मुलाचं वर्ष निघालं असतं. मी मजेत आहे. सकाळी मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर बिलं लिहितो, दुपारी घरी येतो. बापू माझ्याशी बोलत नाहीत, रेडिओशी बोलतात. भाऊजींनी दिवाळीत दिलेला टेपरेकॉर्डर त्यांनी देवासारखा फडक्यात गुंडाळून ठेवला आहे.

नवीन बातमी म्हणजे, मी दर शनिवारी संध्याकाळी संगीत ऐकायला जातो. दुसरा शब्द सापडत नाही म्हणून संगीत म्हणायचं. प्रभात रोडला श्यामसुंदर मोडक म्हणून एक गृहस्थ राहतात. जर्मनीत यंत्रांच्या कारखान्यात सहा वर्षं काढून आले आणि येताना दोन खोकी भरून रेकॉर्डी घेऊन आले. यंत्रं तिथंच ठेवली, खडखडाट तेवढा आणला. याला फ्री जॅझ म्हणतात. म्हणजे सुरापासून, तालापासून आणि लाजेपासून मोकळं. चार माणसं चार सॅक्सोफोन घेऊन एका खोलीत शिरतात. काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नसतं, नंतरही ठरत नाही. एक जण अडलेल्या म्हशीसारखा हंबरतो, दुसरा तेल न घातलेल्या हातगाडीसारखा किरकिरतो, तिसरा नुसताच फुंकतो आणि चौथा या तिघांना कंटाळून बोंब मारतो. आमच्या यार्डात लिलावाच्या वेळी याहून बरा सूर लागतो, शिवाय शेवटी कांदा तरी विकला जातो.

तिथले नियम सोवळ्यातल्या स्वयंपाकाहून कडक. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. तिचं पाकीट कुणाला दाखवायचं नाही, कुणी वाजवलं तेही सांगायचं नाही. मोडकांचं म्हणणं, नाव कळलं की कान झोपी जातात. संपलं की फेरी. प्रत्येकानं आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. एका निवृत्त प्राध्यापकांना दर शनिवारी 'युद्धानंतरचा माणूस' ऐकू येतो. एका आर्किटेक्ट बाईंना 'पोकळी' ऐकू येते, ती कुठं आहे ते मला दिसत असतं. मला फक्त आत कपबशा वाजतात ते ऐकू येतं.

मग जातोस कशाला, असं तू विचारशीलच. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरची हेमा तिथं येते. तीच, जिचे वडील गेल्या पावसाळ्यात गेले. बालवाडीत शिकवते आणि संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाते. ताई, ती खिडकीजवळ बसते. बस, एवढंच लिहितो. त्या चार म्हशींनी माझा जीव घेतला तरी चालेल, पण शनिवार चुकवणार नाही.

भाऊजींना नमस्कार, पिंट्याला पापा. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा,
अनंत

*

मिरज, १५ डिसेंबर १९७९

चि. अनंतास,
उल्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की हा मुलगा परीक्षेत एवढं लिहिता तर आज साहेब झाला असता. मी काही बोलले नाही, बापूंची मुलगी आहे.

हेमाला मी ओळखते. लहानपणी भोंडल्याला यायची आणि खिरापत ओळखायची वेळ आली की सगळ्यांच्या आधी ओळखून गप्प बसायची. मुलगी चांगली आहे, तुझ्यापेक्षा तर नक्कीच. संक्रांतीला मी पुण्याला येते आहे. तिच्या आईकडे तिळगूळ द्यायला जाईनच. पौषात लग्नाचं बोलू नये म्हणतात, पण कानोसा घ्यायला पंचांग लागत नाही. तिथं काही जमण्यासारखं दिसलं, तर पुढचा शब्द टाकीन. एक अट, तोवर काही दिवे लावू नकोस.

आणि एक सांग. प्राध्यापकांना काय ऐकू येतं ते तू लिहिलंस, त्या बाईंना काय ऐकू येतं तेही लिहिलंस. हेमा फेरीत काय बोलते? दोन पानांत तिचं एक वाक्य नाही. प्रेम करतोस की नुसताच खिडकीकडे बघतोस?

बापूंच्या खोकल्यावर ज्येष्ठमध चालू ठेव. कळव, म्हणजे जीव थाऱ्यावर राहील.

तुझी,
उल्काताई

*

पुणे, २३ डिसेंबर १९७९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हेमा काही बोलत नाही. तिची पाळी आली की मान हलवून पुढं ढकलते. मला तेव्हाच कळलं की या सोंगाला तीही माझ्यासारखीच विटली आहे, फक्त सौजन्य आडवं येतं. म्हटलं, हिला सोडवलं पाहिजे. काल सोडवली.

पौष लागायच्या आधीची गोष्ट. लग्नाचा शेवटचा मुहूर्त होता. बुधवारातल्या हिंदुरावांच्या बँडची माणसं वरात निघायच्या आधी रस्त्यात उभी राहून आपापली वाद्यं फुंकून बघत होती. दोन सॅक्सोफोन, तीन क्लॅरिनेट, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे आणि गाणं वेगळं. मी बापूंचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नेला आणि ते सगळं बापूंच्याच कॅसेटवर भरून घेतलं. काल मोडकांना म्हटलं की युरोपातून एका मित्राची कॅसेट आली आहे, तुमच्याच नियमानं नाव सांगत नाही. ते लहान मुलासारखे खूश झाले.

ताई, तू तिथं हवी होतीस! प्राध्यापकांना युद्धानंतरचा माणूस भेटला, तो बुधवार पेठेत राहतो हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंना नेहमीपेक्षा मोठी पोकळी मिळाली. मोडक डोळे मिटून म्हणाले की या लोकांना एकमेकांची भीती वाटत नाही. मी हसू दाबायला जीभ चावून बसलो होतो.

आणि हेमा बोलली. इतक्या शनिवारांत पहिल्यांदा. ती म्हणाली की यातलं एक वाद्य सारखं सुरुवात करू बघतं आणि दुसऱ्यांच्या गडबडीत राहून जातं, तरी रुसत नाही, पुन्हा सुरू करतं. बाबा गेल्यापासून आमच्याकडे जेवायला बसलं की असंच होतं, असं म्हणाली. पुढंही काही म्हणणार होती, पण मला दम निघेना. मी उठून सांगून टाकलं की हा बुधवारातल्या वरातीचा बँड आहे, नवरदेव घोड्यावर चढायचा होता! प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. मोडक मात्र अस्सल निगरगट्ट. म्हणाले, असेना का, फारच छान आहे, पुन्हा लावा. त्या माणसाला हरायचीसुद्धा अक्कल नाही.

मला वाटलं होतं की हेमा खळखळून हसेल. ती लाल झाली आणि चपला घालायला लागली. दारात मला विचारलंन की ती कॅसेट मिळेल का. मी म्हटलं, कॅसेट कशाला, आपली वरात ठरली की अख्खा बँडच आणतो. ती मान खाली घालून गेली. लाजली असणार. तू ये लवकर, लोखंड तापलं आहे.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
अनंत

*

मिरज, २८ डिसेंबर १९७९

चि. अनंतास,
आशीर्वाद. आज उसने आणून देते आहे.

लाजली नाही रे गाढवा. वडील गेलेली मुलगी इतक्या महिन्यांनी चार माणसांत तोंड उघडते, घरातल्या रिकाम्या पाटाबद्दल बोलते आणि तू तिच्या तोंडावर बँड वाजवतोस. वर दारात तिच्या लग्नाची थट्टा. तुला प्राध्यापकांची फजिती करायची होती, ती झाली की नाही मला ठाऊक नाही. जिची झाली ती एकटीच.

तू कॉलेज सोडलंस ते सरांना मूर्ख म्हणून. वर्गातली पोरं ढ, यार्डातले व्यापारी अडाणी, मोडक निगरगट्ट, बापू रेडिओवेडे. अनंता, सगळ्या पुण्यात एकटाच शहाणा असला की त्याच्याशी लग्न कोण करणार?

मी संक्रांतीला येईन, पण अशा तोंडानं तिच्या आईपुढं तिळगूळ घेऊन जाणार नाही. तिनं कॅसेट मागितली आहे. ती स्वतः नेऊन दे. माफी माग. आणि कृपा करून विनोद करू नकोस.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई

*

पुणे, ८ जानेवारी १९८०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फाडलं, मग जोडून वाचलं.

कॅसेट द्यायला निघालो. निघण्यापूर्वी लावून बघितली, तर आतून एक डॉक्टर दातांची निगा कशी राखावी ते सांगत होते. बापूंनी मधल्या काळात ऐकली, कॅसेट बिघडली असं समजले आणि त्यावर रेडिओवरचं भाषण भरून ठेवलं. दोन्ही बाजूंना. मी ओरडलो. बापू म्हणाले की त्यात नुसता गोंगाट होता. मीच तर पंधरा दिवस तेच सांगत फिरत होतो.

मग बुधवारात हिंदुरावांकडे गेलो. पौषात लग्नं नाहीत, माणसं बाकावर बसून पत्ते खेळत होती. म्हटलं, मला तुमचं वाजवणं भरून घ्यायचं आहे. तर सगळ्यांनी उठून ते निळे कोट चढवले, टोप्या घातल्या, ओळीत उभे राहिले आणि सिनेमातलं गाणं एका दमात असं वाजवलं की एक सूर इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, हे नको, वरातीच्या आधी करता ते. त्यांना कळेना. समजावून सांगितल्यावर एकानं बळेच फुंकून पाहिलं, दुसऱ्यानं पाहिलं आणि सगळे हसायला लागले. हिंदुराव म्हणाले की ते मुद्दाम होत नाही हो, ते आम्ही ऐकतसुद्धा नाही. ते गाणं मी भरून घेतलं नाही. त्यांना वाईट वाटलं असावं, चहा पाजला.

रविवारी हेमाच्या घरी गेलो. रिकाम्या हातानं. सगळं सांगितलं, दातांचं भाषणसुद्धा. विनोद म्हणून नाही, झालं तसं. माफी मागितली. तिची आई आत होती. हेमा म्हणाली की गेली तर गेली, तुम्हाला आठवत असेल तेवढं सांगा. मला काहीच आठवेना. भरताना मी प्राध्यापकांची तोंडं कशी होतील तेच बघत होतो आणि त्या शनिवारी तिथं तेच करत होतो. मग तिनंच सांगितलं. सुरुवातीला लांबून एक क्लॅरिनेट कसं येतं, जाड सॅक्सोफोन त्याला कसा ढकलतो, मध्ये सगळे दम घ्यायला एकदम थांबतात आणि त्या थांबण्यात एक टांग्याची घंटा कशी वाजते. बोटानं टेबलावर दाखवत होती. तिनं एकदाच ऐकलं होतं, ताई.

मी खरं ते सांगितलं, की मला अजूनही तो गोंगाटच वाटतो. ती म्हणाली, वाटू दे की, त्याचं मला काही नाही. मग मी विचारलं. वरात-बिरात न म्हणता, सरळ. ती पण सरळच बोलली. तिच्या घरी जेवताना आधीच बोलणं राहून जातं, आणि मी समोर असलो की ती बोलायच्या आधी मी त्यावर काय म्हणेन याचा विचार करत बसेल. तसं तिला राहायचं नाही. मोडकांकडे मात्र या म्हणाली, ती खोली कुणाच्या मालकीची नाही.

तेव्हा तू तिळगूळ द्यायला खुशाल जा, पण शब्द टाकू नकोस. ती नाही म्हणाली. घरी येईपर्यंत मी तिच्या बोलण्यात खोट शोधत होतो, सवय आहे. सापडली नाही.

भाऊजींना नमस्कार. संक्रांतीला ये, माझ्यासाठी ये.

अनंत