आत्या आणि फोटोची कड

रविवार, संध्याकाळ. कल्याण.

अल्ट्रा वाइड झूम लेन्स घ्यायची की नाही, अजून ठरत नाहीये. मित्राने त्याची लेन्स एक दिवस वापरून बघायला दिलेली, म्हणून जवळच मोहने गावात आत्याकडे गेलेलो. तिच्या एवढ्याशा खोलीत सगळं घर एका फोटोत कधीच मावत नाही. आज दाराला पाठ टेकवून फोटो काढला आणि सगळे मावले. मी खूश.

मग आत्याने फोटो बघितला. ती नेमकी कडेला उभी होती, आणि या लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात.

"मी एवढी रुंद आहे?"

"लेन्समुळे गं, आत्या."

"मग मधली सगळी बारीक कशी?"

काका हसले, त्याने आणखी बिघडलं.

दुसऱ्या फोटोला कडेला कोणी उभंच राहीना. सगळे मध्ये दाटीवाटीने. एका कडेला रिकामी भिंत, दुसऱ्या कडेला फ्रीज, तोही रुंद झालेला. असल्या फोटोला माझी जुनी लेन्स पुरली असती की. मग खर्च कशाला?

निघताना आत्याच म्हणाली, "घे तू ती लेन्स. कडेला तुझ्या काकांना उभं करू."