पाण्यात कशी गेली?

प्रिय दादा,

मी मजेत आहे. आईला सांग, आम्ही पाण्याखाली कधी एकटे उतरत नाही. तिचे गुडघे काय म्हणतात?

बंदराच्या तळाशी काय काय सापडतं! परवा शिलाई मशीन, काल कुणाची तरी कवळी. प्रत्येक वस्तू वहीत लिहायची असते. ‘पाण्यात कशी गेली’ या रकान्यात आम्ही डोळे झाकून ‘माहीत नाही’ लिहितो.

आज मला माउथ ऑर्गन सापडला, आणि त्या रकान्यापाशी माझा हात अडला.

दादा, तुझा माउथ ऑर्गन तू विहिरीच्या काठावर विसरला नव्हतास. तुझं कौतुक मला बघवेना, म्हणून मीच तो आत टाकला. नंतर तू वाजवणंच सोडलंस.

घरी तुला अजून धांदरट म्हणतात ना? मग हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच.

तुझा धाकटा