सातव्या स्विचखालचं नाव

४ मार्च
आलो एकदाचे. तीन खोल्या, भरपूर उजेड आणि नवं ऑफिस चालत दहा मिनिटांवर. बाबांचा पलंग खिडकीशी लावला, शेजारी त्यांचं ऑक्सिजनचं मशीन. त्याची घरघर ऐकून बाबा म्हणाले, चला, आता घोरणारा मी एकटा नाही. मशीनची बॅटरी वीस मिनिटं टिकते, पण इथे लाइट कशाला जाईल?

५ मार्च
तीनदा गेली. रस्त्यावर सगळ्यांकडे आहे. आमचंच मेन पडतं.

७ मार्च
आज येतो, उद्या येतो करत वायरमन अखेर उगवला. त्याची पद्धत साधी. बोर्डावरचे सगळे स्विच पाडायचे आणि तो एकेक वर करणार. ज्या खोलीतला दिवा लागेल तिथून मी 'लागला' म्हणून ओरडायचं. मग तो स्विचखाली नाव लिहिणार. सहा झाले. सातव्याने काहीच लागेना. तो वर-खाली करतोय, मी खोल्याखोल्यांतून पळतेय, ऑफिसातून फोनवर फोन. वैतागून उगाच ओरडले, लागला. कुठला, विचारलं, तर म्हटलं, लिहा काहीही. पठ्ठ्याने 'ताई' लिहिलं. बाबा म्हणाले, बोर्डावर नाव चढलं, म्हणजे घर तुझंच. मेन मात्र टिकलं.

९ मार्च
सातव्यावर काही चालत नाही, म्हणून सकाळी तो पाडला. दुपारपर्यंत मेन पाच वेळा पडलं. वायरमन पुन्हा आला, म्हणाला, वायरिंगमध्ये कुठेतरी करंटचं लीकेज असणार. एवढं मलाही कळतं. आज मी बोर्डापाशी, तो आत. एकेक 'लागला' येत गेला. सातवा वर केला, तर मागच्या खोलीतून लगेच 'लागला'. सापडला एकदाचा, म्हणून आत धावले. कोणी नाही. वायरमन फाटकापाशी फोनवर. म्हणाला, मी तिसऱ्यानंतरच बाहेर आलो.
बाबांना मोठ्याने बोलायला दम नाही.

१० मार्च
वायरमनने सातव्याची वायरच कापली. भिंतीत वीतभर जाऊन ती संपते, पुढे काही नाही. तरी मेन पडलं. बाकी सगळं करून बघितलं, टिकेना. शेवटी तो कापलेला सातवा वर केला. टिकलं. त्याने पिशवी भरली. म्हणाला, ताई, दुसरा कोणी बघा.

११ मार्च
घरमालक फोन उचलत नाही. सातवा खाली, की मेन पडतं. वर, की टिकतं, आणि आतून 'लागला'.
आवाज ओळखला. माझा आहे. त्या दिवशीचा. वैतागलेला, खोटा.

१२ मार्च
बाबा म्हणाले, दुपारभर जवळ बसलीस, बरं वाटलं.
मी ऑफिसात होते.

१३ मार्च
सामान बांधलंय. गाडीवाला पोचतोय म्हणाला, म्हणून सातवा पाडला. ती बाबांजवळ नको. मेन पडलं, पडू दे, बॅटरी आहे —

गाडीवाला आता म्हणतो, अजून अर्धा तास. बाबांना उचलून नेणं मला जमायचं नाही —

मशीन टीं टीं करतंय. बाबांची धाप इथे बोर्डापर्यंत —

वर केला.

घरघर सुरू झाली. बाबा विचारतायत, आलीस का गं. मी ओ दिली. माझ्याआधी तिने दिली —

बाबा तिला म्हणाले, मग बाहेर कोण आहे?
कोणी नाही, बाबा, म्हणाली.
स्विच पाडायला हात उचलतेय, पण हात मला दिस —