आत्यांची टाळी

तंजावूर, शनिवार, दिवाबत्तीनंतर

अजून हसू येतंय. आजच्या भजनाला सेल्वमला तविल, म्हणजे त्याचा तो मोठा ढोल, घेऊन बोलावलं, म्हणून ह्यांची सकाळपासून कुरकुर. "देवळातलं वाद्य ते. घरात कान फुटतील!" मी ऐकलं नाही. श्रीलंकेतून आलेल्यांच्या छावणीत तो शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून भिंतीकडे तोंड करून वाजवतो. इथल्या वाजंत्र्यांत त्याला कोणी घेत नाही. मग आम्ही तरी घ्यायला नको?

बोटांना टोप्या चढवून त्यानं पहिली थाप मारली आणि स्वयंपाकघरातली भांडी थरथरली. बिचारा ओशाळला. "हळू वाजवू का, अम्मा?"

"हळू कशाला? वाजव रे!"

हे ह्यांच्या आत्या म्हणाल्या! त्यांना ऐकू कमी येतं. कित्येक वर्षं त्यांची टाळी सगळ्यांच्या मागून पडते आणि आम्ही हसू दाबतो. आज मराठी अभंगात ती टाळी नेमकी ठेक्यावर पडत होती. त्यांच्याकडे बघता बघता मीच दोनदा चुकले. सेल्वमनंही ते हेरलं असावं. शेवटपर्यंत तो आत्यांकडेच तोंड करून वाजवत राहिला.

निघताना आत्यांनी त्याचे हात धरले. "पुढच्या शनिवारी ये हं. इतकी वर्षं ही सगळी माझ्याशिवायच गायची."